झे. बदली

पट्टीचा तिसरा वेढा घेताना बाराव्याने दादाची करंगळी किंचित आत वळवली. सरळ ठेवून बांधली तर सांधा ठणकतो, जास्त वळवली तर ग्लव्ह चढत नाही. मधला कोन त्याला आता न बघता सापडायचा. बोटाचा रंग कालच्यापेक्षा गडद होता, जांभळ्याकडून काळ्याकडे झुकलेला. त्याने पट्टी दातांनी तोडली, टोक अंगठ्याने दाबून धरलं आणि मनात वीसपर्यंत आकडे मोजले.

"घट्ट झाली का?"

"छे. तुझ्या हाताला गुण आहे," दादा म्हणाला. "फिजिओ बांधतो तेव्हा ब्रह्मांड आठवतं."

फिजिओने सहा आठवडे विश्रांती सांगितली होती. ती चिठ्ठी दादाच्या किटबॅगेच्या तळाशी होती, आणि ती तिथे आहे हे तिघांनाच माहीत होतं. दादाने डावा हात बाराव्याच्या खांद्यावर टाकला.

"आजचा धरून शहाण्णव. पुढच्या गुरुवारी सत्त्याण्णव. तेवढा एकच काढून दे मला. मग हे ग्लव्हज तुझे. आईशपथ."

बारावा पट्टीच्या रिळाचं सुटं टोक शोधत राहिला. ते हरवलं की पुन्हा मिळत नाही.

सत्त्याण्णव हा आकडा क्लबमध्ये सगळ्यांना पाठ होता, कारण शहाण्णव पाठ होता. पॅव्हेलियनच्या जिन्यावर एका उंच, ताठ माणसाचा फोटो होता. त्याला खेळाडू 'खांब' म्हणत आणि आता क्लबही तेच म्हणत असे. खांब सलग शहाण्णव प्रथम श्रेणी सामने खेळला होता. मध्ये एकही चुकला नव्हता. क्लबच्या पंचाहत्तर वर्षांत सर्वबाद एकतीसचा डाव होता, दोन्ही डावांत शून्यावर बाद होऊन पुढे निवड समितीचा अध्यक्ष झालेला माणूस होता, पण अभिमानाने सांगावं असं फारसं काही नव्हतं. म्हणून खांब होता. आणि पंचाहत्तरीचं पुस्तक छापायला जाण्याआधी दादा त्याला मागे टाकणार होता. सेक्रेटरीने त्यासाठी एक पान कोरं ठेवलं होतं.

क्लबकडून पहिला सामना खेळणाऱ्याला क्रमांक मिळतो. तो टोपीच्या आत शिवतात. दोनशे चौदा क्रमांक आजवर दिले गेले होते. बारावा अकरा हंगाम संघात होता आणि त्याच्या टोपीत आत फक्त धुण्याच्या सूचना होत्या. तो राखीव यष्टिरक्षक होता. संघात दुसऱ्या यष्टिरक्षकाला जागा नसते, आणि पहिला, म्हणजे दादा, कधी आजारी पडला नाही. पोरं म्हणायची, आमचा बारावा बारा गावचं पाणी प्यायलाय आणि बाराही गावांत पाणीच पाजलंय. तो स्वतःही हे नव्या खेळाडूंना सांगायचा, म्हणजे त्यांनी सांगायच्या आत.

या हंगामात मात्र गोष्ट बदलली होती, आणि बदलली कशी हे समजायला नियमाचं पुस्तक नीट वाचावं लागतं. बदली खेळाडूला फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही. पण पंचांनी परवानगी दिली तर त्याला यष्टींमागे उभं राहता येतं. ही सवलत अलीकडची. खेळाडू जितका वेळ बाहेर बसतो तितका वेळ त्याला फलंदाजीला उतरता येत नाही, पण दुखापत याच सामन्यात, मैदानावर, चेंडू लागून झाली असेल तर ही अट लागत नाही. म्हणून हंगामाच्या दुसऱ्या सामन्यापासून दादा प्रत्येक डावात पहिल्या तासात एकदा कळवळून हात झटकायचा. मग आत जायचा. बारावा बाहेर यायचा आणि उरलेला डाव यष्टिरक्षण करायचा. दादा सहाव्या क्रमांकावर जाऊन चार बोटांनी वीस-पंचवीस धावा काढायचा. सामना दादाच्या नावावर लागायचा.

हंगामाच्या सुरुवातीला बाराव्याने एकदाच कोचकडे विषय काढला होता. कोच म्हणाला होता की दोघेही खेळताय की, एका दगडात दोन पक्षी, कुरकुर कसली. त्यात चूक काढता येत नव्हती. बाराव्याने रात्रभर विचार करून पाहिलं होतं. तो जितकं चांगलं यष्टिरक्षण करेल तितकी दादाच्या बोटाची कोणाला अडचण होणार नाही. अडचण झाली नाही तर दादा बसणार नाही. दादा बसला नाही तर त्याला सामना मिळणार नाही. वाईट यष्टिरक्षण केलं तर सामना मिळायचा प्रश्नच नाही. कुठूनही सुरुवात केली तरी वाट फिरून त्याच दाराशी यायची.

पाच सामन्यांत त्याने एकोणीस झेल घेतले होते. धावफलकात एकोणीस वेळा एकच लिहिलेलं होतं: झे. बदली, म्हणजे झेल बदली खेळाडूचा. मंडळाच्या नोंदींत प्रत्येक खेळाडूचं पान असतं. बदलीचं नसतं.

घरात हा शब्द गेल्या महिन्यात दुसऱ्या वाटेने आला. बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. एका संध्याकाळी तिने हुकूम टेबलावर ठेवला. मोठ्या इस्पितळाची प्रयोगशाळा, वरची जागा, राहायला दोन खोल्या, सहा तासांच्या अंतरावरचं गाव. एक तारखेला हजर व्हायचं. सहा वर्षांच्या मुलीला सांगितलं की आईची बदली झाली, तेव्हा तिने विचारलं, "मग आता आई पण बाहेर बसणार?"

दोघेही हसले. बायको जरा आधी थांबली.

तिने वाद घातला नाही. नमुन्यावर लेबल लावावं तसं तिने एकेक सांगितलं. ती एक तारखेला जाणार. मुलगी तिच्याबरोबर जाणार. त्या गावातल्या शाळेला क्रीडाशिक्षक हवा आहे, मुख्याध्यापकांशी ती बोलली आहे, तेही सोमवारी, एक तारखेलाच हजर व्हा म्हणतात. चार दिवस आधी, गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवलं नाही तर ते दुसऱ्याला घेतील.

"तू ठरव," ती शेवटी म्हणाली. "नाही म्हणालास तरी मी काही बोलणार नाही. फक्त या वेळी 'बघू' म्हणू नकोस."

तो 'बघू' म्हणाला नाही. तो काहीच म्हणाला नाही, आणि ते त्याहून वेगळं नव्हतं.

आज गुरुवार होता. सामन्याचा चौथा दिवस.

दादा सहा षटकं उभा राहिला, मग हात झटकून आत आला. बारावा मैदानात गेला. उपाहारापर्यंत समोरच्या संघाचे सहा गडी बाद झाले. त्यातले दोन झेल बदलीचे.

उपाहारात गुणलेखकांचा डबा वर पोचवायचं काम बाराव्याचं. अकरा वर्षं तो ते करत होता आणि मैदानावर खेळायला लागल्यावरही ते त्याच्याकडून कोणी काढून घेतलं नव्हतं. लोखंडी जिना, बावीस पायऱ्या, वर एक खोली. मैदानाकडे लांबट खिडकी, बाकी तीन बाजूंना भिंत. गुणलेखकांना सगळे मास्तर म्हणत, जरी ते कधी कुठे शिकवायला नव्हते. अक्षर मास्तरांसारखं होतं, एवढंच.

आज टेबलावर चालू वहीशेजारी जुन्या वह्यांची चळत होती. सेक्रेटरीला पुस्तकासाठी खांबाच्या शहाण्णव सामन्यांची यादी हवी होती. मास्तरांनी डबा उघडला. बारावा उभ्या उभ्या सर्वांत वरची वही चाळू लागला. खांबाचे शेवटचे दोन हंगाम. तेव्हाच्या गुणलेखकाला एक सवय होती: झेल कुठे घेतला ते तो समासात बारीक अक्षरांत लिहायचा.

झे. बदली. पहिली स्लिप. दोन पानं उलटल्यावर पुन्हा. झे. बदली. पहिली स्लिप. मग एकाच डावात दोन.

"मास्तर, खांब स्लिपमध्ये उभा राहायचा ना?"

"हो. शेवटी शेवटी गुडघा गेला होता त्याचा. फलंदाजी करायचा, मग आत जाऊन शेकत बसायचा."

"मग हा बदली कोण?"

"बदली म्हणजे बदली. वहीत नाव लिहायची पद्धत नाही."

"पण प्रत्येक वेळी तीच जागा आहे. माणूस एकच असणार." बाराव्याने बोटाने ओळी मोजायला सुरुवात केली.

"चौदा," मास्तर म्हणाले.

ते वहीकडे बघत नव्हते. ते डब्याचं झाकण पुसत होते.

बाराव्याने तरी मोजलं. चौदाच होते. वही मिटताना त्याचं लक्ष मास्तरांच्या उजव्या हाताकडे गेलं. मास्तर पेन्सिल मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये धरत. तर्जनी शेवटच्या सांध्यापासून बाहेर वळलेली होती आणि तिथून वाकत नव्हती. अकरा वर्षं तो ते बोट बघत होता. म्हातारपणी सांधे धरतात, असं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं, कोणाला न विचारता. त्याची स्वतःची दोन बोटं तशीच वळायला लागली होती.

खाली रोलर फिरवल्याचा आवाज येत होता. दादा बाल्कनीत उभा राहून डाव्या हाताने फळ खात होता.

"शंभर सामने का नाही केले मग त्याने?" बाराव्याने विचारलं. "चारच तर राहिले होते."

"शहाण्णवाव्या सामन्याला बदली आला नाही."

"का?"

"घरी आजारपण होतं. तसं घरचं त्याच्यावाचून अडलं नसतं. पण नाही आला." मास्तरांनी एक घास खाल्ला आणि तो सावकाश संपवला. "दुसरा उभा केला. त्याने सकाळीच तीन झेल सोडले. मग खांबाला उतरावं लागलं, आणि गुडघा कायमचा गेला."

"आणि आधीचा? त्याला नाही मग घेतलं?"

"दुसऱ्या दिवशी आला होता की. पांढरे कपडे घालून, वेळेवर. रोज यायचा. त्याला वाटलं, एक दिवस नाही गेलो म्हणून काय झालं, आता तरी विचारतील." मास्तर थोडे हसले. "लोक वाईट नव्हते. त्यांनी त्याला वर जागा दिली. बावीस पायऱ्या. तू मोजल्या असशीलच."

बाराव्याने मान हलवली.

"चूक तिथेच झाली," मास्तर म्हणाले. "न येणं वेगळं आणि जाणं वेगळं. तो नुसता आला नाही." त्यांनी डबा बंद करून त्याच्या हातात दिला. लाल पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. "दार उचलून ढकल. नाहीतर अडकतं. किती वर्षं सांगतोय मी त्यांना, बिजागरी बदला म्हणून."

दार अडकलंच. उचललं तेव्हा उघडलं.

दुपारी खेळ सुरू झाल्यावर बारावा पुन्हा यष्टींमागे वाकला आणि नेहमीसारखं बाकी सगळं बंद झालं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. कोणाच्या का नावावर असेना, गोलंदाज धावत यायला लागला की त्याला शाळा, हुकूम, टोपीतला कोरा कपडा यांतलं काही आठवत नसे. चेंडू, शिवण, बॅटची कड. तळव्यात चेंडू नीट बसला की होणारा तो भरीव आवाज. दार बाहेरून कोणी लावलेलं असतं तर त्याने ते कधीच तोडलं असतं.

चार वाजून पाच मिनिटांनी शेवटची जोडी खेळत होती. चेंडू उशिरा वळला, बॅटची आतली कड घेऊन खाली, डावीकडे गेला. बाराव्याने उडी मारली नाही. तो फक्त पोचला. कोपर जमिनीवर घासलं, ग्लव्हच्या जाळीच्या टोकाला चेंडू अडकला. पंचाचं बोट वर गेलं. पोरं धावत त्याच्या अंगावर आली आणि मग त्याच्या अंगावरून पुढे, कारण दादा सीमारेषा ओलांडून पळत येत होता. त्यांनी दादाला उचललं. शहाण्णव. कोणीतरी पुठ्ठ्यावर आकडा लिहूनच आणला होता.

बाराव्याने वर पाहिलं. खिडकीत मास्तर वहीवर वाकले होते.

त्याने स्टंप गोळा केले, माळ्याकडे दिले, आणि मोठ्या रोलरच्या मागे जाऊन दोन फोन केले. पहिला एका मिनिटात संपला. दुसऱ्यात पलीकडून आधी यंत्राची घरघर ऐकू आली. बायको म्हणाली, सेंट्रिफ्यूज थांबू दे, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांग. तो थांबला. घरघर हळूहळू उतरत गेली, बंद झाली. मग त्याने पुन्हा सांगितलं.

ड्रेसिंग रूममध्ये परत आला तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. बाकीचे बाहेर सेक्रेटरीबरोबर फोटो काढत होते. दादा एकटाच बाकावर बसून सुजलेलं बोट पाण्याच्या थंड बाटलीला लावत होता. पट्टी सुटली होती.

"ये," तो म्हणाला. "काय झेल घेतलास! मी असतो तर सुटला असता, खोटं कशाला बोलू." त्याने हात पुढे केला. "बांध जरा. बाहेर आत्ता सगळे हात मिळवणार."

बारावा समोरच्या बाकावर बसला. त्याने खिशातून पट्टीचं रीळ काढलं, सुटं टोक शोधलं, आणि रीळ दादाच्या डाव्या हातात दिलं.

"हे काय?"

"तू बांध. मी सांगतो. आधी बोट किंचित आत वळव. सरळ नाही ठेवायचं."

"आता डाव्या हाताने मी? वेडा झालास का?"

"जमतं. टोक तळव्यावर दाबून धर. तीन वेढे. दुसरा सांध्याच्या वरून, तिसरा खालून."

दादाने हसत त्याच्याकडे पाहिलं, मग रिळाकडे. "मला कशाला शिकवतोस? तू आहेस की गुरुवारी."

"माझी बदली झालीय, दादा."

दादा मोठ्याने हसला. "ती काय आज झालीय? अकरा वर्षं..."

बारावा हसला नाही. बाहेर कोणीतरी दादाला हाक मारली, मग अजून एकाने. दादाच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं होतं, पण आता ते कोणासाठी होतं ते कळत नव्हतं. नंतर त्याने मान खाली घातली आणि पट्टीचं टोक तळव्यावर दाबलं.

पहिला वेढा सैल पडला. दुसरा सांध्यावरून घसरला. दादाने दात आवळून पुन्हा सुरुवात केली, बोट सरळच ठेवून.

बाराव्याचे हात आपसूक पुढे आले होते. त्याने ते मागे घेतले, मांड्यांखाली दाबून धरले, आणि म्हणाला,

"आत वळव. थोडं अजून. हां. आता सोडू नकोस, वीसपर्यंत मोज."